बार्शीतला टीईटी क्लास: साडेचार हजारात थॉर्नडाइकचं मांजर आणि संपूर्ण मूग औषधी

आधीच सांगते, क्लासचं नाव लिहिणार नाही. सर लांबून ओळखीतले निघाले, आणि तसंही खाली खतबियाणांचं दुकान, वर पत्र्याचा हॉल, जिन्यात चपलांचा ढीग असे क्लास आमच्याकडे बरेच आहेत, त्यामुळे नाव न देताही हा रिव्ह्यू निम्म्या लोकांना आपल्याच क्लासचा वाटेल.

मी झेडपीची शिक्षिका, २१ वर्षं नोकरी झाली, त्यातली बहुतेक पहिली-दुसरीवर. वय ४४. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा वगैरे ही नवीन पोरांची भानगड, आपला काय संबंध, असं समजून निवांत होतो सगळे. आणि ऐन गणपतीत, १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त शिल्लक आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायची, नाहीतर घरी बसायचं. पाच वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना नोकरीपुरती सूट, पण प्रमोशन पाहिजे असेल तर त्यांनाही सुटका नाही. माझी अजून १४ वर्षं आहेत. घरी आरती चाललेली आणि मी ग्रुपवरचे मेसेज वाचतेय, मिस्टर म्हणाले मोदक तरी खा. विसर्जन झालं आणि त्याच आठवड्यात क्लास लावला, कारण परीक्षा २३ नोव्हेंबरला.

फी साडेचार हजार, त्यात नोट्सचं एक जाडजूड पुस्तक, व्हॉट्सअॅप ग्रुप, आणि दर रविवारी टेस्ट. वेळ संध्याकाळी सहा ते आठ, म्हणजे शाळेतून आलं की चहा ढोसायचा आणि पळायचं. बाकं कॉलेजच्या पोरांच्या मापाची आहेत, माझ्या गुडघ्यांच्या नाही. पंखे चार, चालू दोन. बॅचला साधारण सत्तर जण, निम्मे आमच्यासारखे नोकरीतले, केस पिकलेले, आणि निम्मी डी.एड. झालेली बावीस-चोवीसची पोरं, जी आमच्याकडे पहिले चार दिवस अशी बघत होती की ह्यांना नोकरी आहे तरी हे इथं काय करतायत.

पेपर एकचं, म्हणजे पहिली ते पाचवीच्या शिक्षकांच्या पेपरचं, गणित सगळ्यांना माहीतच असेल. १५० प्रश्न, १५० मार्क, अडीच तास, पाच विषयांना तीस-तीस. चुकलं तरी मार्क कापत नाहीत. पास व्हायला ६० टक्के म्हणजे ९०, आरक्षणात ५५ टक्के. मराठी, गणित आणि परिसर अभ्यासाबद्दल फार लिहीत नाही, ठीक शिकवलं, इंग्रजीच्या सरांचा आवाज मागपर्यंत येत नाही, माइक मागा. मला लिहायचंय ते बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राच्या तीस मार्कांबद्दल, कारण मूल कसं शिकतं हाच आपला धंदा आणि त्याचीच आपल्याला सगळ्यात जास्त धास्ती.

तर पहिला तास. सरांनी पीपीटी लावली. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेने सांगितलेल्या मुलाच्या विचारशक्तीच्या चार अवस्था, संवेदी-कारक, पूर्वक्रियात्मक, मूर्त क्रियात्मक, औपचारिक क्रियात्मक. आणि लगेच ट्रिक, लिहून घ्या सगळ्यांनी, "संपूर्ण मूग औषधी". सं, पू, मू, औ. झालं. दोन वर्षं, सात वर्षं, अकरा वर्षं असे वयाचे आकडे बोटांवर, तीनदा सगळ्यांकडून एका सुरात म्हणून घेतलं. सत्तर मोठी माणसं संपूर्ण मूग औषधी ओरडतायत, खाली खतवाल्याचं गिऱ्हाईक वर बघतंय. मूल स्वतः हाताळून, चुकून, स्वतःच्या डोक्यात ज्ञान उभं करतं असं ज्या माणसाने आयुष्यभर सांगितलं त्याला आम्ही पाढ्यासारखं पाठ केलं. मला आधी हसू आलं, मग राग आला, आणि आता परीक्षा देऊन आल्यावर खरं सांगायचं तर ती ट्रिक मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणजे ट्रिक वाईट नाही. पण ट्रिकच्या पुढे काहीच नसणं वाईट.

बरं, नोट्समध्ये पियाजे, पियाजें आणि प्याजे असे तीन वेगवेगळे लोक आहेत. पाव्हलॉवला मानसशास्त्रज्ञ केलंय, तो शरीरशास्त्रज्ञ, त्याला १९०४ चं नोबेल पचनावरच्या कामासाठी मिळालं, कुत्र्याची लाळ मोजता मोजता त्याला अभिसंधान, म्हणजे एखाद्या खुणेला प्रतिसाद जोडून शिकणं, सापडलं. एका पानावर तर मांजर स्किनरचं झालंय. अहो शिकण्याच्या प्रयोगांतलं मांजर थॉर्नडाइकचं, स्किनरचे उंदीर आणि कबुतरं, आणि कोहलरचा चिंपांझी सुलतान. ह्या प्राण्यांवरच निदान दोन मार्क असतात आणि तुम्ही तिथंच छपाईची चूक करता? सरांना दाखवलं तर म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू मॅडम. पुढच्या आवृत्तीत मी नाही ना सर.

सगळ्यात फालतू तास कुठला तर अध्ययनशैलीचा. बाहेरून एक पाहुणे सर आणलेले, कोट घालून. हात वर करा, कोण डोळ्याने शिकतं, कोण कानाने, कोण हाताने. मग वीस प्रश्नांचा कागद, तो भरला की तुम्ही दृक, श्राव्य की कृतिशील ते कळणार आणि तसा अभ्यास करायचा. मी म्हणे श्राव्य. माझ्या शेजारची पोरगी कृतिशील निघाली, तिने विचारलं मग सर मी टीईटीचा अभ्यास हाताने कसा करू, त्यावर उत्तर नाही. आता मुलांच्या आवडीनिवडी वेगळ्या असतात हे कोणीही सांगेल, पण ज्याची जी शैली त्या शैलीत शिकवलं की तो जास्त शिकतो, हे काही सिद्ध झालेलं नाही. हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्याबरोबरच्या तिघांनी २००८ मध्ये ह्या विषयावरचं संशोधन चाळून काढलं आणि असं शिकवण्याला पुरेसा पुरावा नाही असंच लिहिलं. वर पाहुण्यांनी ह्यात अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ गार्डनरलाही ओढलं. गार्डनरने १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्ता मांडल्या, पण बुद्धिमत्ता म्हणजे अध्ययनशैली नव्हे हे तो स्वतःच सांगत आलाय. आणि साधी गोष्ट बघा, नकाशा शिकायचा तर श्राव्यवाल्यालाही डोळ्यानेच बघावा लागणार आणि कविता दृकवाल्यालाही कानानेच ऐकावी लागणार, ते विषयावर ठरतं. हा तास क्लासने काढून टाकावा, चहापाण्याचे पैसे तरी वाचतील.

एवढं झोडपून मी क्लास अर्धवट का सोडला नाही? दोन कारणं. एक, पहिली दहा मिनिटं. दोन, रविवार.

सरांची एक सवय आहे. आले की पुस्तक उघडत नाहीत, फळ्याकडे पाठ करून उभे राहतात आणि कोणालाही उठवतात. काल काय झालं, मागच्या सोमवारी काय झालं, गणपतीनंतरच्या पहिल्या तासाला काय झालं. वही बंद. उत्तर आलं नाही तर उभं राहायचं, शेजाऱ्याने सांगायचं, मग बसायचं. आम्हाला ह्या वयात उभं राहायची लाज, त्यामुळे सगळे दप्तर सावरत, जिना चढता चढता मनातल्या मनात घोकत यायचे. आता गंमत बघा, सर विसरण्यावर शिकवताना जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसचं नाव आणि १८८५ साल सांगून पुढे गेले. त्याने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून, किती वेळात किती विसरतो ते स्वतःवरच मोजलं, आणि मध्ये मध्ये अंतर ठेवून उजळणी केली तर कमी कष्टात टिकतं हेही बघितलं, हे नोट्समध्ये नाहीच. पण सर रोज सहा वाजता नेमकं तेच करत होते. त्यांना विचारलं हे कुठून शिकलात, तर म्हणाले, आमच्या गावातले गुरुजी असंच करायचे.

रविवारची टेस्ट म्हणजे अख्खा दीडशे प्रश्नांचा पेपर, खरी ओएमआर शीट, अडीच तास, मोबाइल जिन्यात टोपलीत. पहिल्या रविवारी मला ७१ पडले. माझ्या वर्गातल्या पोरांना मी प्रगती पुस्तकात जे लिहिते ते सगळं स्वतःबद्दल आठवलं. घरी नोट्स तीन-तीनदा वाचायचे, पिवळ्या पेनाने रंगवायचे, सगळं येतंय असं वाटायचं आणि पेपरात बसलं की चार पर्यायांत डोळे फिरायचे. रोडिगर आणि कार्पिक ह्या दोघांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर हेच करून बघितलेलं, एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर आठवणारे पुढे. मी माझ्या मुलीकडून हे मोबाइलवर शोधून घेतलं आणि त्या दिवसापासून रंगवायचं पेन तिला देऊन टाकलं. नोट्स उघडायच्याच नाहीत, आधी कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मग उघडून तोंडात मारून घ्यायची. पाचव्या रविवारी ९८.

मधे सप्टेंबरअखेरच्या पावसाने चार दिवस क्लासच झाला नाही, सीना नदीच्या पुराने आमच्यातल्या दोघातिघांच्या शेताची वाट लागली, ते परत आलेच नाहीत. फीचं काय झालं विचारलं नाही मी, विचारायला पाहिजे होतं.

टेस्टबद्दल एक तक्रार होती आणि ती मी केली. सुरुवातीला नुसती उत्तरांची यादी ग्रुपवर टाकायचे, ५२ चं ब, ५३ चं क. का ब, ते विचारायचं नाही. मी सरांना म्हणलं, थॉर्नडाइकचा सरावाचा नियम, जितका सराव तितकं पक्कं, तुम्ही आम्हाला शिकवलात, पण नुसता सराव करून काही होत नाही, बरोबर की चूक ते कळावं लागतं, हे थॉर्नडाइकनेच पुढे १९३० च्या सुमारास मान्य केलं, डोळे झाकून माणसांना रेघा काढायला लावल्या तर शेकडो रेघांनंतरही लांबी सुधारली नाही. सर माझ्याकडे बघत राहिले. आणि पियाजेचं म्हणाल तर तो पॅरिसला मुलांच्या बुद्धिमापनाच्या चाचण्या तपासत असताना त्याला बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांत जास्त रस वाटायला लागला, त्यातून तर हे सगळं उभं राहिलं. मागून एक गुरुजी म्हणाले, मॅडम तुम्हीच घ्या आता तास. पण सरांचं कौतुक, पुढच्या सोमवारपासून एक अख्खा तास चुकलेल्या प्रश्नांना दिला आणि कोणी काय विचार करून क ला गोल केला ते आधी त्याच्याकडून वदवून घ्यायला लागले. खरा क्लास तिथून सुरू झाला असं माझं मत.

एक प्रसंग सांगते, तो क्लासमधला नाही, शाळेतला आहे, पण क्लासमुळे घडला. पियाजेच्या अक्षयतेवर, म्हणजे मांडणी किंवा आकार बदलला तरी संख्या आणि प्रमाण तेवढंच राहतं हे मुलाला कळण्यावर, सरांनी पीपीटीत दोन ग्लासांचं चित्र दाखवून पुढची स्लाइड लावली. मला काही चैन पडेना. दुसऱ्या दिवशी पहिलीच्या वर्गात चिंचोके काढले. सहा वर, सहा खाली, समोरासमोर. एक पोरगा आणि एक पोरगी घेतली, दोघं सहा वर्षांची. सारखे का कुठं जास्त? सारखे. मग खालची ओळ मी लांब लांब पसरवली. आता? पोरगा म्हणाला हे जास्त. पोरगी पण म्हणाली हे जास्त. ही पोरगी वीसपर्यंत उलटे अंक म्हणते, तिचं ऐकून मी चाट पडले. चिंचोके डब्यात भरता भरता तिला विचारलं, का गं, मी एक तरी टाकला का त्यात? म्हणाली, "न्हाई. पण तुमी परत इचारलं ना बाई."

बघा आता. २१ वर्षं मी वर्गात उत्तर चुकलं की तोच प्रश्न परत विचारत आले. पोरांनी त्याचा अर्थ बरोबर काढला, बाईंनी परत विचारलं म्हणजे आपलं चुकलं, बदला उत्तर. ती मोजणीत नाही चुकली, ती मला ओळखून होती. नंतर कळलं की एडिंबरामध्ये मार्गारेट डोनाल्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७० च्या दशकात पियाजेवर असाच आक्षेप घेतलेला, त्यांनी मोठ्या माणसाऐवजी एका खोडकर टेडीकडून ओळ विस्कटवली तर बरीच जास्त मुलं सारखेच म्हणाली. आमच्याकडे टेडी कुठला, मी दोन दिवसांनी फळा पुसायचं डस्टर हातातून पाडल्यासारखं करून ओळ विस्कटवली. अगंबाई सांडलं, आता बघा बरं. पोरगी लगेच, "सारखेच हैत की." पोरगा मात्र ठाम, हे जास्त. म्हणजे पियाजेही खोटा नाही. हे मी क्लासमध्ये सांगितलं तेव्हा सत्तर माणसं पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होती, आणि नंतर तीन-चार जणांनी आपापल्या शाळेत करून बघितलं, कोणी मणी वापरले, कोणी खडूचे तुकडे.

आता एका मॅडमबद्दल. क्लासमध्ये एक तरुण मॅडम फक्त चार तास घेतात, रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की आणि त्यापुढचं. पहिल्याच तासाला फळ्यावर काही न लिहिता म्हणाल्या, उठा, जागा बदला, प्रत्येक नोकरीवाल्याशेजारी एक डी.एड.वाला. मग एका बाजूला रेल्वेच्या वेगाची गणितं, दुसऱ्या बाजूला वर्गातले प्रसंग, "मूल वर्गात बोलतच नाही, तुम्ही काय कराल" असले. माझ्या शेजारचा पोरगा गणितात पटाईत, त्याने मला उत्तर सांगितलं नाही, नुसतं "मॅडम, आधी दोन्ही गाड्यांची लांबी मिळवा की" एवढंच म्हणाला आणि पुढचं मला आलं. प्रसंगाच्या प्रश्नाला तो अडला तेव्हा मी त्याला उत्तर न सांगता विचारलं, ते मूल मधल्या सुट्टीत बोलतं का? अर्ध्या तासाने मॅडम म्हणाल्या, आत्ता तुम्ही जे केलंत तेच निकट विकासाचं क्षेत्र. एकट्याला येत नाही पण जाणत्याच्या थोड्या आधाराने येतं, ती मधली जागा. आधाराला पुस्तकात काहीतरी बोजड शब्द दिलाय, मॅडमनी सरळ परांची म्हणलं. गवंडी परांची बांधतो, प्लास्टर झालं की सोडतो, कायमची ठेवली तर ते घर नाही. आणि हेही सांगितलं की ही परांचीची उपमा वायगॉट्स्कीची नाही, तो १९३४ ला ३७ व्या वर्षी क्षयाने गेला, उपमा १९७६ मध्ये वूड, ब्रूनर आणि रॉस ह्यांच्या लेखात आली. पण पेपरात वायगॉट्स्कीच टिकमार्क करा हं, मार्क तिथं आहेत. प्रामाणिक बाई.

त्यांच्याच तासाला कोणीतरी ज्ञानरचनावादाचा, म्हणजे मूल स्वतःच ज्ञान रचतं ह्या विचाराचा, विषय काढला आणि सगळे जुने शिक्षक हसायला लागले. २०१५ नंतर आमच्याकडे ती लाट आलेली, साताऱ्याच्या कुमठे बीटला, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाला, गाड्या भरभरून शिक्षक बघायला जायचे, आम्हीही जाऊन आलो, खरंच भारावून आलो, आणि परत येऊन काय केलं तर फरशीवर ऑइलपेंटने चौकटी काढल्या. फोटो वर पाठवले. रंगवणं सोपं होतं ना. तिथल्या मुलांना बोलू देणं, चुकू देणं, वाट बघणं, ते फोटोत येत नाही. आता आमच्या शाळेत रंग उडालाय, पोरं त्या चौकटींत लंगडी खेळतात.

अजून एक गोष्ट खटकली, क्लासची म्हणा की अभ्यासक्रमाची म्हणा. दीडशे पानांच्या नोट्समध्ये रशिया, अमेरिका, स्वित्झर्लंड सगळं आहे. बालशिक्षणात आयुष्य घातलेले गिजुभाई बधेका एका ओळीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ नाहीतच. आदिवासी पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, ही त्या दोघींची कुरणशाळा आपल्याच ठाणे जिल्ह्यात, आताच्या पालघरमध्ये चालली. मूल जिथं आहे तिथून सुरुवात करणं ह्याहून वेगळं काय असतं? तेवढं अर्धं पान छापायला काय हरकत होती.

बाकी व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज चाळीस पीडीएफ येतात, एकही उघडू नका, आमच्या वेळी नगरपालिका निवडणुकीच्या ड्युट्यांची चर्चाच जास्त असायची तिथं. झेरॉक्सचे पैसे वेगळे घेतात. लेडीज टॉयलेट आहे पण किल्ली खतवाल्याकडे.

पेपर झाला माझा, बरा गेला. पाचपैकी साडेतीन स्टार देते. मॅडमचे चार तास कुठल्या आठवड्यात आहेत ते फी भरायच्या आधी विचारून घ्या, त्या तासांना सुट्टी टाकू नका. अध्ययनशैलीच्या दिवशी खुशाल घरी थांबा. सहाला पाच कमी असताना वर पोचा, पहिली दहा मिनिटं बुडवायची असतील तर क्लास लावू नका, नोट्स विकत घ्या, तीनशेला मिळतात. बसायला उशी न्या. आणि गाडी जिन्याखाली लावू नका, माझी दोनदा हवा सोडली.